बाबांच्या गाडीची नाडी

बाबांच्या जुन्या गाडीला आज लॅपटॉप जोडला. स्टिअरिंगखाली 16 पिनांचं सॉकेट. सोळावी बॅटरीची, चौथी-पाचवी अर्थची, सातवी के-लाइन. या एकाच तारेवरून इंजिनाचा संगणक सेकंदाला 10,400 बिट्स इतक्या संथपणे बोलतो. मला हा संथपणा आवडतो, आकडे डोळ्यांदेखत बदलतात.

बिघाडाचा कोड आला पी0118: कूलंटच्या तापमानाच्या सेन्सरचा व्होल्टेज प्रमाणाबाहेर जास्त. म्हणून सेन्सर गेलाच असं नव्हे. तार तुटली तरी हाच कोड येतो. पडद्यावर तापमान उणे 40 अंश! पुण्याच्या उकाड्यात हे शक्यच नाही. कनेक्टर उघडला, तर आत हिरवा गंज. साफ करून घट्ट बसवला, आकडा 31 वर आला. केवढा आनंद झाला!

कोड पुसण्याआधी लिहून ठेवा, आणि नवा सेन्सर घेण्याआधी तार तपासा.