प्रवासाचा उद्देश

ज्येष्ठ महिना संपत आला होता. मुलुंडच्या आमच्या दुकानात स्टीलच्या भांड्यांचा नवा माल उतरत होता आणि मी मात्र घाटकोपरच्या एका एजंटाच्या कार्यालयात, हातात पेन घेऊन, एका अर्जासमोर बसलो होतो. अर्ज माझ्या धाकट्या मुलीचा होता. खर्चाची हमी देणारा म्हणून सही माझी हवी होती. एका रकान्यात प्रवासाचा उद्देश विचारला होता. एजंटाने तेथे आधीच लिहून ठेवले होते: पर्यटन.

पर्यटनाला ती जाणार नव्हती. ती लग्न करायला जाणार होती.

झाले होते असे. मुलीचा साखरपुडा लंडनमधील एका वीसा ओसवाल कुटुंबातील मुलाशी झाला. आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले, घरात मराठी बोलणारे. व्याह्यांच्या घरी गुजराती. परंतु धर्म एक, नवकार एक, त्यामुळे भाषेची अडचण कोणालाच वाटली नाही. अडचण आली ती कागदांची. पहिल्याच भेटीत व्याही हसत म्हणाले होते, ‘‘आम्ही जन्माने वीसा ओसवाल, तरी व्हिसाच्या रांगेत आम्हाला कोणी सवलत देत नाही!’’ तेव्हा सगळे खळखळून हसले. त्या विनोदातली खरी गोष्ट पुढच्या सहा महिन्यांत कळली.

त्या वेळी माझी आई सत्त्याऐंशी वर्षांची होती. हृदय थकले होते. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन जे सांगायचे ते सांगितले होते. आषाढातील चौमासी चौदस आली की कार्तिकी पौर्णिमेपर्यंत आपल्याकडे लग्नकार्य होत नाही. तोवर आई राहील का, हा प्रश्न घरात कोणी उच्चारत नव्हते, पण प्रत्येकाच्या मनात होता. म्हणून एका नातेवाइकाने मार्ग सुचवला. मुलीने पर्यटक व्हिसावर लंडनला जावे. लंडनच्या उत्तरेस पॉटर्स बार येथे ओसवाल समाजाचे सुंदर शिखरबंद देरासर आहे. चातुर्मासाआधी त्याच परिसरात छोटासा समारंभ करावा, आईने तो मोबाइलवर पाहावा, आणि पुढचे कागद तेथूनच करावेत. ‘‘सगळे असेच करतात,’’ हे वाक्य त्या आठवड्यात मी किमान दहा जणांच्या तोंडून ऐकले.

मी सही करणार, तोच मुलगी म्हणाली, ‘‘पप्पा, हे कन्यालीक नाही का?’’

एजंटाला शब्द कळला नाही. मला कळला, आणि हात थांबला. श्रावकाच्या दुसऱ्या अणुव्रतात, म्हणजे स्थूल मृषावाद विरमणात, पाच मोठी असत्ये सांगितली आहेत: कन्येविषयीचे, गाईविषयीचे, जमिनीविषयीचे, ठेव बुडवण्याचे आणि खोट्या साक्षीचे. त्यांतले पहिले कन्यालीक. विवाहाच्या व्यवहारात मुलीसंबंधी खोटे सांगणे. आणि याच व्रताच्या अतिचारांत कूटलेख येतो, म्हणजे खोटा दस्त करणे. प्रतिक्रमणात हे शब्द मी चाळीस वर्षे म्हणत आलो आहे. परंतु ते व्हिसाच्या अर्जालाही लागू आहेत, हे मला सुचले नव्हते. लहानपणी पाठशाळेत शिकलेल्या मुलीला सुचले.

सही न करता आम्ही उठलो.

मग एका परिचित वकिलांकडे बसून, व्यापारी जसा माल घेण्यापूर्वी तपासतो तसा, हा विषय नीट समजून घेतला. ते येथे सविस्तर लिहितो, कारण आपल्या समाजातील अनेक घरांत आज असेच नाते जुळते आहे.

पहिली गोष्ट. ब्रिटनमध्ये साधा पर्यटक म्हणून गेलेल्या व्यक्तीला तेथे विवाह करण्याची, इतकेच काय विवाहाची नोटीस देण्याचीही परवानगी नाही. त्यासाठी वेगळा विवाह-अभ्यागत व्हिसा आहे. पण तो लग्न करून परत येणाऱ्यांसाठी. तेथेच नांदायचे असेल तर वाग्दत्त वधूचा सहा महिन्यांचा व्हिसा घेऊन जायचे, त्या मुदतीत लग्न करायचे आणि मग पत्नी म्हणून अर्ज करायचा. त्या काळात नोकरी करता येत नाही. नोटीस देण्यापूर्वी इंग्लंडमध्ये त्या भागात किमान सात दिवस राहावे लागते, नोटिशीची मुदत २८ दिवसांची असते आणि काही प्रकरणांत ती ७० दिवसांपर्यंत वाढते. पर्यटक म्हणून गेलेल्याला तेथे बसून पत्नीच्या व्हिसात बदल करून घेता येत नाही. आणि अर्जात फसवणूक केल्याचे ठरले, तर दहा वर्षांपर्यंत व्हिसा नाकारला जाऊ शकतो. ज्या मुलीचे सासरच तेथे, तिला दहा वर्षे दार बंद! ‘‘सगळे असेच करतात’’ म्हणणाऱ्यांपैकी कोणीही हे सांगितले नव्हते.

दुसरी गोष्ट अधिक मोहाची होती. कोणीतरी सुचवले की येथेच विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र आता काढून घ्या, व्हिसाचे काम सुरू होईल, फेरे मार्गशीर्षात घ्या. वकिलांनी मान हलवली. आपल्याला, म्हणजे जैनांनाही, १९५५ चा हिंदू विवाह कायदा लागू आहे. त्यात विवाह आधी विधिपूर्वक व्हावा लागतो. नोंदणी हा झालेल्या विवाहाचा पुरावा आहे, विवाह नव्हे. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉली राणी विरुद्ध मनीष कुमार चंचल या प्रकरणात हेच स्पष्ट केले. विधी झालेच नव्हते, म्हणून प्रमाणपत्र हाती असूनही तो विवाह न्यायालयाने मानला नाही. परदेशी जाण्याचा व्हिसा मिळावा म्हणून आईवडील आधी नोंदणी उरकून घेतात, या प्रथेचा उल्लेखही न्यायालयाने नापसंतीने केला आहे. उलट बाजूही तितकीच खरी. २००६ मध्ये सीमा विरुद्ध अश्विनी कुमार या प्रकरणात त्याच न्यायालयाने विवाह नोंदणी अनिवार्य करण्याचे निर्देश दिले. म्हणजे फेऱ्यांशिवाय कागद पोकळ, आणि कागदाशिवाय फेरे परदेशात मुके. ज्यांना मुहूर्ताची वाट पाहायची नाही त्यांच्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार लागतात, आणि विवाह अधिकाऱ्यासमोर झालेला तो विवाह स्वतःच पूर्ण असतो. पण आम्हाला घरचे फेरे हवे होते.

आता प्रश्न आईला सांगण्याचा. मी तिच्या खाटेशेजारी बसून सर्व सांगितले आणि म्हणालो, ‘‘तुझ्यासाठी म्हणून घाई करत होतो.’’ ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘अरे, माझ्या नावावर खोटं लिहू नकोस. मी असेन, नसेन. मार्गशीर्षातली तारीख धर, आणि माझ्यामुळे ती पुढं ढकलू नकोस.’’

तारीख धरली. वाट पाहण्याच्या त्या महिन्यांत जावयाच्या दोन पासपोर्टांचा गुंता समोर आला. त्याचा जन्म नैरोबीचा, म्हणून केनियाचा पासपोर्ट. वडिलांसोबत लंडनला वाढला, म्हणून ब्रिटनचाही. मला आधी वाटायचे, दोन पासपोर्ट ही श्रीमंतांची हौस असते. ऑगस्टमध्ये त्याचे आजोबा व्हिडिओवर बोलले आणि माझा समज गळून पडला. जामनगरजवळच्या हालार भागातून त्यांचे वडील पूर्व आफ्रिकेत गेले होते. १९६३ मध्ये केनिया स्वतंत्र झाला तेव्हा तेथील आशियाई लोकांना नागरिकत्व ठरवायला दोन वर्षांची मुदत होती. एका भावाने केनियाचे नागरिकत्व घेतले, दुसऱ्याने ब्रिटिश पासपोर्ट ठेवला. एका पेढीवर बसणारे दोघे भाऊ दोन देशांचे झाले. मग १९६८ मध्ये ब्रिटनने घाईघाईने कायदा करून त्या पासपोर्टधारकांच्या येण्यावरही मर्यादा घातली. ‘‘पासपोर्ट हातात होता, पण दार बंद होते,’’ आजोबा म्हणाले. केनियाने दुहेरी नागरिकत्वाला मान्यता दिली ती २०१० च्या राज्यघटनेने. तेव्हा कुठे त्यांच्या घरातील दोन्ही कागद एका कपाटात सुखाने राहू लागले.

भारतात मात्र तसे नाही. आपल्या घटनेचे कलम ९ आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा यांनुसार स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. ओसीआय कार्डाला लोक ‘दुहेरी नागरिकत्व’ म्हणतात, ते चूक आहे. त्या कार्डाने आयुष्यभर व्हिसाविना येता येते, पण मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. जावयाला ते कार्ड पणजोबांच्या हालारातील कागदांवरून मिळाले होते, त्यामुळे लग्नासाठी येथे येणे सोपे झाले. ज्यांना पूर्वजांचा आधार नाही अशा परदेशी जावयाला किंवा सुनेला भारतीय जोडीदारामुळे ओसीआय मिळू शकते. परंतु विवाह नोंदलेला हवा आणि त्याला दोन वर्षे पूर्ण झालेली हवीत.

खरी गाठ नावात होती. केनियाच्या पासपोर्टात मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. ब्रिटिश पासपोर्टात वडिलांचे नाव नाही. ओसीआय कार्ड ब्रिटिश पासपोर्टाप्रमाणे. पत्रिकेवर तिसरेच, घरचे लाडके नाव छापायचे चालले होते! मी म्हणालो, खात्यात एक नाव आणि हुंडीवर दुसरे असेल तर वसुली कोण करेल? शेवटी सर्व कागदांवर ब्रिटिश पासपोर्टातील नाव ठेवले, आणि नागरिकत्वाच्या रकान्यात दोन्ही देश लिहिले. एक देश लपवून अर्ज सोपा होईल, असा सल्लाही आला होता. तो आता आम्हाला मोहात पाडू शकला नाही.

कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीच्या दिवशी पहाटे, आई गेली. नवकार ऐकत गेली. कार्तिकी पौर्णिमा दहा दिवसांवर होती.

हे लिहिताना मला वाचकांपासून काही लपवायचे नाही. त्या रात्री मी स्वतःला विचारले, की त्या दिवशी सही केली असती तर आईने नातीचे लग्न पाहिले असते ना? पाहिले असते. मोबाइलच्या पडद्यावर का होईना, पाहिले असते. खरे बोलण्याची किंमत नेहमी दुसऱ्या बाजूने भरून येतेच, असे मी म्हणणार नाही. आमच्या घराने ती किंमत दिली आणि ती परत आलेली नाही.

व्याह्यांनी लग्न पुढे ढकलण्याची तयारी दाखवली. मी त्यांना आईचे शब्द सांगितले. मार्गशीर्षात मुलुंडमध्ये साधेपणाने फेरे झाले. वाजंत्री नव्हती. आईच्या जागी तिची जपमाळ पाटावर ठेवली होती. त्यानंतर महापालिकेच्या टी विभाग कार्यालयात तीन साक्षीदारांसह नोंदणी झाली. मग पत्नीच्या व्हिसाचा अर्ज: इंग्रजीची परीक्षा, क्षयरोगाची तपासणी, जावयाच्या उत्पन्नाचे पुरावे, कारण एप्रिल २०२४ पासून वर्षाला किमान २९,००० पौंडांची अट आहे. अँटवर्पला किंवा युरोपात अन्यत्र मुलगी देणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की तेथे आपल्या प्रमाणपत्रावर बहुधा अपोस्टिल मागतात. भारत २००५ पासून त्या हेग कराराचा सदस्य आहे. बेल्जियममध्येच लग्न करायचे असेल, तर तेथील राज्यघटनेप्रमाणे नागरी विवाह आधी आणि धार्मिक विधी नंतर.

अर्ज भरताना मी मुलीच्या शेजारी बसलो होतो. शेवटाकडे एक प्रश्न येतो: यापूर्वी कोणत्याही देशाच्या व्हिसासाठी खोटी माहिती दिली आहे का? तिने ‘नाही’वर खूण केली आणि पुढच्या रकान्याकडे वळली. तिला तेथे थांबावे लागले नाही. मी मात्र क्षणभर थांबलो. मला घाटकोपरचे ते टेबल आठवले, आणि खाटेवरून आलेला तो क्षीण आवाजही.

फाल्गुनात व्हिसा आला. विमानतळावर निरोप देताना मुलीने विचारले, ‘‘पप्पा, पुढे कधी मला तिथलं नागरिकत्व घ्यावं लागलं, तर भारतीय पासपोर्ट आठवण म्हणून ठेवता येईल?’’ मी म्हणालो, ‘‘नाही. तो परत करायचा. आठवण मनात ठेव.’’ अनेक घरांत तो जुना पासपोर्ट कपाटात तसाच राहतो आणि एखाद्या प्रवासात वापरलाही जातो. कायद्याने तो गुन्हा आहे, आणि आपल्या भाषेत कूटलेखच.

दिवाळीला वहीपूजन करताना पहिल्या पानावर मी नेहमी शुभ-लाभ लिहितो. यंदा लिहिताना वाटले, लाभ हाती नसतो. नोंद खरी ठेवणे तेवढे हाती असते. आईच्या फोटोपुढे ती वही ठेवली आणि मनातल्या मनात तिला मिच्छामि दुक्कडम् म्हटले.