दोन आज्यांची नात

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. घरात पुस्तक म्हणजे शाळेचं पुस्तक, आणि तेही वर्ष संपलं की रद्दीत जायचं. त्यामुळे ज्या वयात गोष्टींची पुस्तकं वाचायची, त्या वयात ती माझ्या हाती आलीच नाहीत. एस. वाय.ला आल्यावर मी ग्रंथालयात बसून लहान मुलांची पुस्तकं वाचू लागले, तेव्हा मैत्रिणी हसल्या. "अगं, परीक्षा तोंडावर आली आणि तू चित्रं काय बघत बसलीस?" हसू देत बापड्या! राहून गेलेला हिशेब कधी तरी पुरा करावाच लागतो.

सुरुवात 'तोत्तोचान'नं झाली. तेत्सुको कुरोयानागी यांचं हे पुस्तक जपानमध्ये १९८१ साली निघालं. चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी केलेला त्याचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टनं काढला आहे. आगगाडीच्या डब्यांत भरणारी तोमोई शाळा आणि मुलांचं बोलणं न कंटाळता ऐकून घेणारे मुख्याध्यापक कोबायाशी आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहेत. मला मात्र त्या पुस्तकातले दोन मुलगे विसरता येत नाहीत. त्यांच्याविषयी फारसं कुणी बोलत नाही.

पहिला मियाझाकी. अमेरिकेत वाढलेला. चेहरा जपानी, पण जपानी भाषा धड येत नाही. मुख्याध्यापक मुलांना त्याला मदत करायला सांगतात आणि मुलं त्याला जपानी शिकवू लागतात. तोही घरून एक सुंदर इंग्रजी चित्रपुस्तक आणतो आणि मुलांना त्यातले शब्द शिकवतो. बाहेर युद्धाचे दिवस. इंग्रजी ही शत्रूची भाषा ठरलेली. तोमोईत मात्र मुलं ते शब्द एका सुरात म्हणत असतात. कोण शिक्षक आणि कोण विद्यार्थी, हे तिथं सांगताच येत नाही.

दुसरा मसाओचान. कोरियावर १९१० पासून जपानचं राज्य होतं. हा कोरियन मुलगा तोत्तोचानच्या येण्याजाण्याच्या वाटेवर राहणारा. एक दिवस तो तिच्याकडे रागानं बघून ओरडतो, "कोरियन!" ती तर जपानी. तिला काही उमगत नाही. घरी येऊन ती आईला सांगते आणि आईच्या डोळ्यांत पाणी येतं. लोक त्या पोराला सतत तो शब्द हिणवून म्हणत आले, म्हणून त्याला वाटतं, ही एक शिवीच आहे. कुणाचा राग आला की द्यायची असते.

ते पान वाचलं आणि मी पुस्तक मिटलं. मसाओचान कोण हे मला पक्कं ठाऊक होतं. तो मीच होते.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. वडिलांचे पूर्वज तेलंगणातून विणकामासाठी इथं आलेले पद्मशाली. वडील यंत्रमागावर टॉवेल विणतात. आई मंगळवेढ्याकडच्या एका खेड्यातली, मराठी. दोघांच्या लग्नाला दोन्हीकडून विरोध झाला होता म्हणे. वडिलांची आई, म्हणजे माझी नायनम्मा, जन्मभर विड्या वळत आली. हजार विड्यांमागे मजुरी. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं, आणि तोंडानं तेलुगू गाणं. मी तिच्या त्या सुपाशेजारीच वाढले. सुट्टीत आजोळी गेले की तिथली आजी चुलीपुढे बसवून गरम भाकरी वाढायची. आजोळची भावंडं मला 'तेलंगी' म्हणायची आणि आमच्या गल्लीतल्या बायका म्हणायच्या 'मराठोळ्ळ पिल्ल', म्हणजे मराठी लोकांची पोर. दोन्हीकडे लाड होते. पण दोन्हीकडे मी पलीकडचीच.

पाचवीत असताना वर्गात उभं राहून वाचलेलं सांगताना मी 'माझा पुस्तक' म्हणाले. घरी दोन भाषांची सरमिसळ, लिंगांचा घोटाळा व्हायचाच. शिक्षकांनी माझी नक्कल केली. वर्ग हसला. मधल्या सुट्टीत "ए तेलगू!" अशा हाका सुरू झाल्या. चार दिवसांनी वर्गात एक नवी मुलगी आली. तिला तर मराठी माझ्याहूनही कमी यायचं. शाळा सुटताना मी फाटकाजवळ सगळ्यांच्या देखत तिला मोठ्यानं म्हणाले, "ए तेलगू!" आणि सगळ्यांच्या आधी मीच हसले. मान वळवली तर फाटकाबाहेर नायनम्मा उभी होती, मला न्यायला आलेली. तिनं ऐकलं की नाही, कोण जाणे! रोजच्यासारखं माझं दप्तर खांद्याला लावून ती पुढं चालू लागली.

त्या दिवसापासून मी तेलुगू बोलणं सोडलं. नायनम्मा तेलुगूत विचारायची, मी मराठीत उत्तर द्यायची. तिला मराठी समजतं, बोलायला तेवढं जमत नाही. हळूहळू तिचे प्रश्न कमी झाले. आमच्या घरात भांडण असं कधी झालंच नाही. एक भाषा तेवढी मुकी झाली.

'तोत्तोचान'विषयी मी वर्गात बोलले, तेव्हा इंग्रजीच्या मॅडमनी आपल्याकडची दोन पुस्तकं मला वाचायला दिली. दोन्ही ॲलन से यांची. शब्द त्यांचे आणि चित्रंही त्यांचीच. से यांचा जन्म १९३७ साली योकोहामाचा. आई अमेरिकेत वाढलेली जपानी. वडील कोरियन, पण शांघायमध्ये एका इंग्रज दांपत्यानं वाढवलेले. स्वतः से सोळाव्या वर्षी अमेरिकेला गेले. एका माणसाच्या पोटात किती गावं असावीत!

'ग्रँडफादर्स जर्नी' हे १९९३ सालचं पुस्तक. त्याला पुढच्या वर्षी चित्रांसाठीचं कॅल्डेकॉट पदक मिळालं. आजोबा तरुणपणी आगबोटीनं अमेरिकेला जातात, कॅलिफोर्नियात घर करतात. मग जपानची आठवण छळू लागते, म्हणून गाणारे पक्षी पाळतात. पण पक्ष्यांनी का कुठं गावाची भूक भागते? ते जपानला परततात, आणि मग आठवण येऊ लागते कॅलिफोर्नियाची. पुन्हा एकदा जाऊन येऊ म्हणतात, तोवर युद्ध पेटतं. घर जातं. त्यानंतर आजोबा पक्षी कधीच पाळत नाहीत.

दुसरं 'टी विथ मिल्क', १९९९ सालचं. ही से यांच्या आईची कथा. अमेरिकेत असताना तिला घरी जपानी पद्धतीचा कोरा हिरवा चहा आणि मैत्रिणींकडे दूधसाखरेचा. आईबाप तिला जपानला नेतात, तेव्हा तिथली मुलं तिला परदेशी ठरवतात. जपानी बोलायला शिकण्यासाठी तिला पुन्हा शाळेत बसावं लागतं. घरच्यांनी मांडलेला लग्नाचा घाट मोडून ती ओसाकाला जाते, मोठ्या दुकानात नोकरी धरते. तिथं तिला इंग्रजी बोलणारा एक तरुण भेटतो. त्यालाही दूधसाखरेचाच चहा आवडतो. पुढं दोघं संसार मांडतात. इतकीच गोष्ट. मला मात्र ती कपातल्या चहासारखी ऊब देऊन गेली.

आईबापांपैकी एकच जपानी असलेल्या मुलाला जपानमध्ये 'हाफु' म्हणतात. इंग्रजी 'हाफ'चं ते जपानी रूप, म्हणजे अर्धा. काही आईबाप म्हणतात, आमचं मूल अर्धं नाही, दुप्पट आहे. मला या दोन्ही शब्दांत थोडं खरं आणि थोडं खोटं वाटतं. से यांचे आजोबा अर्धे नव्हते. त्यांना दोन्ही देश पुरते मिळाले होते. पण म्हणूनच एक कुठला तरी नेहमी दूर राहिला. ही हुरहुर म्हणजे दोन घरांचं भाडं आहे. ते चुकवावं म्हणून एक घर सोडून दिलं तर काय होतं, हे त्या पुस्तकांत नव्हतं. ते मला ठाऊक होतं.

ही पुस्तकं वाचताना एक गोष्ट खटकतही होती. आम्ही सोलापूरची मुलं डॉ. कोटणीसांचं नाव ऐकत वाढलेली. त्यांच्या जन्मघराच्या स्मारकात शाळेची सहल गेली होती. १९३८ साली ते चीनला गेले, ते तिथं जपानी सैन्याशी लढणाऱ्या सैनिकांवर उपचार करायला. ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच वारले. म्हणजे तोत्तोचान आगगाडीच्या डब्यात शिकत होती, त्याच काळात तिच्या देशाचं सैन्य चीनमध्ये होतं! आणि १९४५ साली बॉम्ब पडले, तेव्हा तोमोई शाळाही जळाली. कोटणीसांनी क्वो छिंगलान या चिनी परिचारिकेशी लग्न केलं होतं. मुलाचं नाव ठेवलं इन्हुआ. 'इन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. बाप गेला तेव्हा ते बाळ काही महिन्यांचं होतं. सहलीत ते नाव मी ऐकलं होतं आणि विसरलेही होते. आता वाटतं, त्या युद्धाच्या धुमाळीत आईबापांनी मुलाला 'यातलं एक निवड' असं म्हटलं नाही. दोन्ही त्याच्या नावातच घालून ठेवलं.

नायनम्माच्या डोळ्यांना आता कमी दिसतं. विड्या वळणं थांबलं. ती उंबऱ्याशी बसून असते. इतर प्रश्न संपले तरी एक अजून टिकून आहे. रात्री मी ताटावरून उठले की ती विचारते, "तिन्नावा बिड्डा?" जेवलीस का गं पोरी? आजोळची आजीही फोनवर पहिल्यांदा हेच विचारते. मी दोघींना एकच उत्तर देत आले होते, "जेवले."

पुस्तकं परत केली त्या रात्री मी म्हणाले, "तिन्ना, नायनम्मा."

तिनं मान वर केली. क्षणभर काही बोलली नाही. मग बोलू लागली ती थांबेचना. तिचं गाव, तिची आई, पहिल्यांदा पाहिलेली सोलापूरची गिरणी... निम्मं मला कळलं नाही. मी मध्येच अडवून शब्द विचारत होते, ती हसून पुन्हा सांगत होती. एकदोनदा तिनंही मला अडवलं आणि त्याला मराठीत काय म्हणतात ते विचारलं. आता रोज रात्री आमचा असा वर्ग भरतो.

शाळेच्या फाटकाजवळचं मात्र मी तिला अजून विचारलेलं नाही. तेवढं तेलुगू मला अजून येत नाही.