सायकल घेताय? मग आधी रस्ता बघा!

इंजिनिअरिंगला ॲडमिशन झाली की नातेवाईक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "ब्रँच कोणती?" आणि दुसरा, "गाडी कोणती घेतली?" पहिल्याचं उत्तर कॅप राउंड देतो. दुसऱ्याचं उत्तर द्यायला वडिलांच्या खिशात लाखभर रुपये लागतात. आणि आपण "सायकल" म्हणालो, तर समोरचा माणूस दोन सेकंद गप्प बसतो आणि मग समजूत काढल्यासारखं म्हणतो, "हां... तब्येतीला चांगली असते!"

तर मित्रहो, हा लेख तब्येतीवर नाही. प्रदूषण आणि पर्यावरणावरही नाही, ते निबंध आपण दहावीपर्यंत भरपूर लिहिलेत. रोज कॉलेजला वेळेवर पोचवेल अशी साधी, परवडणारी सायकल कशी निवडायची, एवढाच विषय आहे. विषय छोटा वाटेल, पण आमच्या घरात त्याच्यावर एका मुलीचं शिक्षण अडलं होतं.

माझी चुलत बहीण २०२४ साली बारावी झाली. काकांची मंठा तालुक्यात कोरडवाहू शेती. कापूस आणि सोयाबीन. तिचा नंबर जालन्यात आपल्याच कॉलेजला लागला. त्याच वर्षापासून, म्हणजे २०२४-२५ पासून, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकारने माफ केलं. घरात आनंदीआनंद! राहायला आमचं घर होतंच, जुन्या जालन्यात, गांधी चमनच्या बाजूला. मग राहिलं काय? राहिले ते सात किलोमीटर. कुंडलिकेचा पूल ओलांडायचा, नव्या जालन्यात शिरायचं, मामा चौक, औरंगाबाद चौफुली आणि तिथून पुढे कॉलेजपर्यंत. (शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं तरी आपल्या तोंडी चौफुली आणि रोड अजून औरंगाबादचेच आहेत.)

दोन रिक्षा बदलून जाऊन-येऊन साठ रुपये. महिन्याचे चोवीस दिवस धरले तर एक हजार चारशे चाळीस. काकांनी हा हिशेब बोटांवर केला आणि म्हणाले, "मग यंदा राहू द्या. पुढच्या साली बघू." आता बारावी झालेल्या मुलीसाठी पुढच्या साली कॉलेज बघतात की स्थळ, हे आपल्याकडे कुणाला सांगायची गरज नाही.

तेव्हा तीच बोलली. "आप्पा, मी सायकलवर जाईन. शाळेत पाच वर्षं जातच होते की!"

खरं होतं ते. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जायला सायकल मिळते. शाळा पाच किलोमीटरच्या आत हवी, अशी अट आहे. तिची शाळा चार किलोमीटरवर होती. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. त्या दिवसांत गावातली कित्येक पोरं घरी बसली, ही मात्र शाळेत जात होती. ती सायकल आता धाकटीकडे गेलेली. म्हणजे नवी घेणं आलं.

काकांनी दोन अटी घातल्या. एक, सात हजारांच्या वर एक रुपया मिळणार नाही. दोन, "पोरीवर रस्त्यात थांबायची पाळी नाही आली पाहिजे." खरं सांगतो, मशीन डिझाइनच्या पेपरातही मला इतकं नेमकं स्पेसिफिकेशन कधी मिळालेलं नाही!

दुकानात गेलो. सगळ्यात पुढे, दिव्याखाली, चकचकीत सायकली लावलेल्या. पुढे-मागे शॉकअप, जाड टायर, डिस्क ब्रेक, एकवीस गिअर. किंमत अकरा-बारा हजारांच्या घरात. दुकानदार म्हणाला, "आजकाल कॉलेजची मुलं हेच नेतात." त्यांच्या मागे साध्या बिनगिअरच्या सायकली, सहा-सात हजारांच्या. आणि पार कोपऱ्यात आपल्या आजोबांची काळी, दांड्याची, अठ्ठावीस इंची.

आता इथे जरा इंजिनिअर होऊन बघू. मागचा शॉकअप कशासाठी असतो? डोंगरातल्या दगड-धोंड्यांसाठी. डांबरी रस्त्यावर आपण पायडल मारतो तेव्हा स्वस्तातली स्प्रिंग दर वेळी थोडी दबते, म्हणजे आपल्या पायाची ताकद चाकाला जायच्या आधी स्प्रिंग खाते. वर वजन वाढतं ते वेगळंच. जाड, गोट्यांचे टायर चिखलात पकड देतात. डांबरावर घूं घूं आवाज करत घासतात. एकवीस गिअर म्हणजे पुढे तीन चकत्या आणि मागे सात, तीन साते एकवीस. पण त्यातले बरेच एकमेकांच्या इतके जवळ असतात की प्रत्यक्षात आपण चार-पाचच वापरतो. गिअर वाईट नाहीत. चढ असेल, रोजचं अंतर पंधरा किलोमीटरच्या पुढे असेल, तर जरूर घ्या. पण त्याची केबल आणि डिरेलर वेळच्या वेळी जुळवायला लागतात, आणि आपल्या रस्त्यावरचा पंक्चरवाला ते काम करतो का, हे घ्यायच्या आधी विचारा.

काळी सायकल तर दणकटच. पण तिचा आडवा दांडा आणि उंच फ्रेम बहिणीला बसेना. सायकल मापाची असावी लागते, चपलेसारखी. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पायडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीट याहून खाली असेल तर महिनाभरात गुडघे बोलायला लागतात. आपल्याकडे निम्मे लोक सीट खाली ठेवूनच चालवतात आणि म्हणतात, सायकलनं गुडघे दुखतात!

शेवटी घेतली ती साधी, बिनगिअरची, सव्वीस इंची, बुटक्या फ्रेमची. बारीक टायर, दोन्ही मडगार्ड, पूर्ण चेनकव्हर, मागे कॅरिअर. निवड बहिणीचीच. तिने सायकल उचलून चाक फिरवून पाहिलं, रिमला आउट आहे का ते ब्रेकच्या रबराजवळ डोळा लावून तपासलं, दोन्ही ब्रेक दाबले. मग दुकानदाराला विचारलं, "याची ट्यूब मंठ्यात भेटन का?" दुकानदार हसला, म्हणाला, "ताई, हिची ट्यूब कुठंबी भेटन." झालं! त्या वाक्यावर सायकल फायनल झाली. चकचकीत सायकलीबद्दल हाच प्रश्न विचारल्यावर त्याला जरा विचार करावा लागला होता.

एक बदल मात्र आम्ही करून घेतला, आणि तो तुम्हालाही सुचवतो. सायकलला पुढे ४४ दात आणि मागच्या फ्रीव्हीलला १८. म्हणजे पायडलच्या एका फेरीत चाक २.४४ वेळा फिरतं आणि सायकल साधारण पाच मीटर पुढे जाते. मोकळ्या रस्त्याला ठीक. पण आपलं कॉलेज शहराच्या पश्चिमेला आहे आणि पावसाळ्यात वारा पश्चिमेकडूनच येतो. आपण ताशी १६ किलोमीटरने चाललो आणि समोरून वाराही तेवढाच असला, तर हवेचा विरोध दुप्पट नाही, चौपट होतो. कारण तो सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फ्लुइड मेकॅनिक्सचं हे सूत्र आपण पाठ करतो, पण जुलै महिन्यात औरंगाबाद रोडवर ते मांड्यांना समजतं! म्हणून मिस्त्रीकडून १८ दातांच्या जागी २० दातांचं फ्रीव्हील बसवून घेतलं. मागचं चाक किंचित सरकवून चेनचा ताण जमवला. आता एका फेरीत सायकल साडेचार मीटर जाते. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर वेग ताशी अठराऐवजी साधारण साडेसोळा. सात किलोमीटरला अडीच मिनिटं जास्त लागतात, पण प्रत्येक पायडल सुमारे दहा टक्क्यांनी हलकं झालं. गिअरची सायकल न घेता एक गिअर आपल्या मापाचा करून घेतला, एवढंच.

दुसरा शत्रू म्हणजे काटे. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला बाभळी आहेत, सराटे आहेत, आणि एमआयडीसीच्या बाजूला लोखंडाचे बारीक तुकडेही टायरात घुसतात. यावर मिस्त्रीचा उपाय साधा: जुनी ट्यूब उभी कापायची आणि तिची पट्टी नव्या ट्यूबच्या आणि टायरच्या मध्ये घालायची. थोडं वजन वाढतं, पण छोटे काटे पट्टीतच अडकतात. आणि हवा! टायरच्या बाजूवर किती दाब हवा ते छापलेलं असतं, ते वाचा. कमी हवेची सायकल जड चालते, आणि खड्ड्यात आपटली की रिम आणि रस्ता यांच्यामध्ये ट्यूब चिमटते. घरात पंप असू द्या.

फ्रीव्हील, पट्टी, कुलूप आणि मागचा लाल दिवा धरून एकूण सहा हजार नऊशे झाले. म्हणजे रिक्षाच्या एकशे पंधरा दिवसांचे पैसे. (आता घेणाऱ्यांना थोडा फायदा आहे, २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झालाय.)

काकांची खरी भीती मात्र पैशांची नव्हती, ट्रकची होती. ती खोटी नाही. आपलं गाव लोखंडाचं आहे. "जालना सोने का पालना" म्हणत असतील, पण रस्त्यावर सोनं दिसत नाही, सळया दिसतात. ट्रकच्या मागे हातभर बाहेर आलेल्या, टोकाला लाल फडकं बांधलेल्या. म्हणून पहिले चार दिवस मी तिच्यासोबत गेलो आणि नियम ठरवले. त्या फडक्यापासून दहा हात लांब. ट्रकच्या डाव्या बाजूने कधी पुढे घुसायचं नाही, तिथे ड्रायव्हरला आपण दिसत नाही. अगदी कडेच्या खडीवरून चालवायचं नाही, कारण तिथून दचकून आत यावं लागतं. सरळ रेषेत चालवायचं म्हणजे मागच्याला अंदाज येतो. पावसात ब्रेक आधीपासून दाबायचे, कारण पहिल्या एक-दोन फेऱ्या रिमवरचं पाणी पुसण्यातच जातात. ओढणी गाठ मारून, पाण्याची बाटली भरून. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "दादा, तू आता तुझ्या मित्रांसोबत ये. मला लेट होतं तुझ्यामुळं."

आज ती सेकंड इयरला आहे. दोन टायर बदलले, एकदा चेन बदलली, पंक्चर किती झाले ते मोजले नाहीत. सबमिशनच्या दिवसांत कॅरिअरला ड्रॉइंग शीटची गुंडाळी बांधून सात किलोमीटर येते. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा दुपारचं परत जाणं अवघड आहे, ते गोड करून सांगणार नाही. त्या दिवसांत ती लायब्ररीत थांबून ऊन उतरल्यावर निघते. दिवाळीला गावी गेलो तेव्हा काका पारावर कुणाला तरी सांगत होते, "मपली पोरगी जालन्यात सायकलवर इंजिनिअरिंग करती!" आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

आता तिच्या वर्गातल्या आणखी तिघीजणी सायकल घ्यायचं म्हणतायत. आपल्या पार्किंगमध्ये मोटारसायकलींना शेड आहे आणि सायकली भिंतीला टेकवून उन्हात उभ्या असतात. उन्हानं टायरला भेगा पडतात. चार पत्रे आणि साखळी अडकवायला एक लोखंडी पाइप, एवढंच मागणं आहे. लोखंडाच्या गावात पाइपाची काय कमी!

आणि कुणाला सायकल घ्यायचीच असेल, तर शनिवारी दुपारी वर्कशॉपपाशी भेटा. दुकानात आम्ही दोघं सोबत येऊ. चाक ती तपासेल, दात मी मोजीन. चहा मात्र तुमच्याकडून!

(अंतिम वर्ष, मेकॅनिकल)