काळी बोटं

सिल्व्हर नायट्रेटचा डाग साबणाने जात नाही. उजेड लागला की त्यातली चांदी कातडीत काळी होऊन बसते आणि कातडी झडेपर्यंत राहते. १९८६च्या उन्हाळ्यात अशी काळी बोटं मिरवीत मी गावी आलो. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष झालेलं. खिशात तपकिरी बाटलीत थोडं द्रावण आणि नायट्रिक आम्लाची एक कुपी; प्रयोगशाळेतल्या मामांकडे हट्ट करून आणलेली.

आमची विहीर खाडीपासून हाकेच्या अंतरावर. आजोबांच्या माघारी अब्बांनी ती खोदली आणि सगळ्या मोहल्ल्याला मोकळी ठेवली. त्या मे महिन्यात कुणी तरी म्हणालं, पाणी मचूळ लागतं. मला तेवढंच हवं होतं. ओट्यावर चार माणसं जमवली. नळीत पाणी, त्यात आम्लाचे थेंब (नाही तर कार्बोनेटही पांढरा साका देऊन फसवतो), मग सिल्व्हर नायट्रेट. नासलेल्या दुधासारखं पाणी फुटलं.

"क्लोराइड! खाडी शिरली विहिरीत," मी जाहीर करून टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून रहाटाचा आवाज कमी झाला. बायका टेकडीखालच्या झऱ्यावर जाऊ लागल्या. अब्बा मला काही बोलले नाहीत. रात्री जेवताना त्यांनी तांब्याभर पाणी विहिरीचंच घेतलं.

नळी शेवटी उर्ध्वपातित पाण्याने धुवायची, हे कॉलेजात शंभरदा ऐकलं होतं. का, ते जूनमध्ये कळलं. नळाखाली धुतलेल्या नळीत थेंब पडला आणि तोच पांढरा ढग. शहराचं गोडं पाणी ते! क्लोराइड आहे, एवढंच ही कसोटी सांगते. किती, ते नाही. आणि थोडंबहुत तर ते प्रत्येक विहिरीत असतंच. 'किती'साठी ब्युरेट लागतं, पोटॅशियम क्रोमेट लागतं, पिवळ्या द्रावणाला विटकरी छटा येईपर्यंत थेंब थेंब सोडत बसावं लागतं.

पुढच्या एप्रिलअखेरीस विहिरीचं पाणी नेऊन मोजलं. लिटरला १८० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्यात २५० पर्यंत चालतं. आदल्या वर्षी किती होतं, ते आता कुणालाच कळणार नाही.

गावी आलो तेव्हा अब्बा रहाटाला तेल देत होते. माझ्या बोटांकडे पाहून म्हणाले, "मेंदी लावलीस काय रे?"

मी आकडा सांगितला.

"मला कशाला सांगतोस? तेव्हा ओट्यावर सांगितलंस ना, तिथंच सांग."

सांगितलं. दोन घरं परत आली. बाकीच्यांना एव्हाना झऱ्याची सवय झाली होती.