बंद घरातली चूल

काकीकडे १७ घरांच्या चाव्या होत्या. परकराच्या जुन्या नाडीत ओवलेल्या, आणि प्रत्येक चावीला वेगळी चिंधी. काकीला अक्षरओळख नव्हती, चिंध्या हीच तिची वही. हिरवी चिंधी घाटकोपरला गेलेल्या भावकीची, लाल ठिपक्यांची सुरतेला स्थायिक झालेल्यांची, पिवळी आमच्या घराची.

आमची वाडी कशेडी घाटात, पोलादपूरच्या अंगाला. महामार्ग सोडून वीसेक मिनिटं चढलं की २६ उंबरे लागतात. त्यांतल्या ९ घरांत माणसं, बाकीच्यांना कुलपं. वडील तरुणपणी इथूनच मुंबईला गिरणीत गेले. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली, तरी मुंबई सुटली नाही. गाव आमच्यासाठी गणपती आणि शिमग्यापुरतं उरलं.

मे २०२१ मध्ये मी त्या कुलूपबंद घरात एकटा राहायला गेलो. एप्रिलमध्ये माझा धाकटा भाऊ करोनाने गेला होता. त्याचं शेवटचं तोंडही पाहायला मिळालं नाही. बँकेतून मी आधीच स्वेच्छानिवृत्ती घेतली होती, मुलगी परगावी नोकरीला. मला माणसं नकोशी झाली होती. आदल्या वर्षीच्या टाळेबंदीत सगळ्यांच्या मोबाइलवर एक मजकूर फिरत होता: नद्या स्वच्छ झाल्या, मोर रस्त्यावर आले, माणूस नसला तर पृथ्वी सुखात राहील. तेव्हा मी तो पुढे पाठवला नव्हता. भाऊ गेल्यावर मात्र तो मला खरा वाटायला लागला. माणसाची जात पुढे राहिली काय, न राहिली काय, कुणाचं काय अडणार आहे, असं मी रात्र रात्र मनात घोळवत बसायचो.

काकी माझी सख्खी काकी नव्हे. भावकीतली, शेजारच्या घरातली. पंचाहत्तरी उलटलेली. दर सोमवारी सकाळी ती चाव्यांचा जुडगा घेऊन निघायची. एकेक कुलूप काढायचं, केर काढायचा, चुलीत दोन शेणी आणि चार काटक्या घालून जाळ करायचा, धूर आढ्यापर्यंत चढेस्तोवर उंबऱ्यात बसायचं, मग निखारे विझवून पुढच्या घराकडे. धूर लागला नाही तर वासे भुंगा पोखरतो, भिंतींना ओल धरते, हे मलाही ठाऊक होतं. पण दर आठवड्याला सतरा घरं? आणि तीही ज्यांची माणसं वर्षानुवर्षं फिरकत नाहीत त्यांची?

एकदा मी विचारलं, "काकी, सुरतवाले आता येणार आहेत का कधी?"

"ते त्यांचं ते बघतील," ती म्हणाली. "माणूस गेलाय, ह्ये घराला कळता नये बाबा."

मी गप्प बसलो. म्हातारीचा एक नाद, एवढंच मनात आलं.

जुलैची २२ तारीख, गुरुवार. दोन दिवस पाऊस नुसता ओतत होता. वरती महाबळेश्वरला त्या २४ तासांत जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस झाला, हे नंतर कळलं. तो सगळा सावित्रीने खाली महाडात आणून ओतला. पलीकडे खेडला जगबुडी आणि चिपळूणला वाशिष्ठी पात्र सोडून गावात शिरल्या होत्या. दोन्ही बाजू तुटल्या आणि मधल्या घाटात गाड्या अडकून पडल्या. आमची वीज गेलेली, फोन मुके.

संध्याकाळी अंधार पडता पडता वाटेवर बॅटऱ्या दिसल्या. रस्त्यावर दगड येऊ लागले म्हणून माणसं गाड्या सोडून वर चढत होती. २३ जण. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीकडे निघालेले टँकरवाले, गुहागरला चाललेलं एक कुटुंब, त्यात दोन पोरं आणि एक आजी, दुचाकीवरची तीन तरणी पोरं. सगळे चिंब, आजी तर थरथरत होती.

माझं घर वाटेवर पहिलं. मी पडवीत उभा होतो. तोंडाला मास्क लावला आणि लांबूनच म्हणालो, "खाली शाळा आहे. तिथे जागा होईल."

हे वाक्य मी बोललो. आजही ते माझ्या कानात आहे.

तेवढ्यात डोक्यावर इरलं घेऊन काकी आली. "शाळा गळतीय," म्हणाली, आणि नाडीची गाठ सोडून निम्म्या चाव्या माझ्या हातात दिल्या. "तू वरली आळी उघड."

"काकी, लोकांची घरं आहेत ती. न विचारता कशी उघडायची? आणि आजाराचे दिवस आहेत."

तिने माझ्याकडे बघितलं. रागावली नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं. "मग राखली कशाला?" ती म्हणाली.

मी चिंध्या चाचपत वरच्या आळीत गेलो. लाल ठिपक्यांचं, सुरतवाल्यांचं कुलूप तेल दिलेलं, चावी लावताच सुटलं. आत बॅटरीचा उजेड टाकला आणि थबकलो. बाहेर जग पाण्यात विरघळत होतं, आणि त्या सात वर्षं बंद असलेल्या घरात जमीन कोरडी होती. बुरशीचा वास नाही, धुराचा होता. चुलीशेजारी फाटी रचलेली, कोनाड्यात मेणकापडात गुंडाळलेली काडेपेटी. पहिल्याच काडीला जाळ धरला.

त्या रात्री आम्ही सात घरांत चुली पेटवल्या. खिडक्या उघड्या ठेवून, अंतर राखून, जमेल तेवढी काळजी घेत माणसं निजवली. वाडीतल्या बायांनी पेज आणि कुळथाचं पिठलं रांधलं. गुहागरचं कुटुंब माझ्या घरात होतं. धाकटी पोर भावाच्या घोंगडीत गुरगुटून झोपली. तीन महिने माझ्या घरात माझ्याखेरीज कुणाचा श्वास ऐकू आला नव्हता. अंधारात मी तो ऐकत बसलो.

वाडीच्या कडेच्या पऱ्ह्यावर आम्ही पाळ्या लावल्या होत्या. पाणी एकाएकी गढुळलं किंवा अचानक आटलं तर वरचा डोंगर सुटतोय असं समजायचं, हे जुन्यांचं सांगणं. २ ते ४ मी आणि जौनपूरकडचा एक टँकरवाला. इरल्याखाली दोघे टेकून बसलो. त्याने विचारलं, घरी कोण कोण? आणि माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत मी भावाबद्दल बोललो. पहिल्यांदा. त्यानेही बापाचा अंत्यविधी मोबाइलवर बघितला होता. पुढे दोघेही काही बोललो नाही. पाण्याकडे बॅटरी धरून बसलो.

आमचा डोंगर त्या रात्री तगला. सगळ्यांचा तगला नाही. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळीये दरडीखाली गेलं, ८० हून जास्त माणसं गेली. पोलादपूर तालुक्यातल्या केवनाळे आणि साखर सुतारवाडीलाही दरडी कोसळल्या. आमची वाडी वाचली यात आमचं कर्तृत्व काही नव्हतं. आमच्या हातात होत्या त्या फक्त चाव्या.

पाणी ओसरल्यावर मी महाडला गेलो. दुकानांत, घरांत गुडघाभर चिखल. कुठकुठल्या गावांतून आलेली पोरं फावडी घेऊन अनोळखी लोकांची स्वयंपाकघरं उपसत होती. मीही एका घरात चार दिवस घमेली उचलली. संध्याकाळी चवदार तळ्याच्या पायऱ्यांशी बसायचो. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांबरोबर जी हजारो माणसं इथवर चालत आली, त्यांनी ओंजळभर पाणी प्यायलं आणि मार खाल्ला. तळ्याचा कोर्टातला निकाल यायला १९३७ उजाडलं. त्या दिवशी चाललेल्या कितीजणांना तो बघायला मिळाला असेल? तहान त्यांचीही होती, पण वाट जास्त करून पुढच्यांसाठी होती. त्या पुढच्यांत आपण येतो. आपल्याला न ओळखणाऱ्या माणसांनी आपला विचार केला होता. मग आपल्यानंतरच्यांचं काय अडणार, हा प्रश्न मला त्या पायऱ्यांवर विचारवेना.

याच प्रश्नावर सॅम्युएल शेफलर या अमेरिकन तत्त्वज्ञाचं एक पुस्तक आहे, २०१३ चं. तो विचारतो: तुम्ही तुमचं आयुष्य पुरतं जगून मराल, पण त्यानंतर ३० दिवसांत सगळी मानवजात संपणार आहे, असं कळलं तर? तुमचं स्वतःचं काहीच बिघडत नाही, तरी आजची कितीतरी कामं हातातून गळून पडतील. औषधं शोधणं, घर बांधणं, पोरांना शिकवणं. आपल्याला वाटतं त्याहून कितीतरी जास्त आपण पुढे येणाऱ्यांच्या भरवशावर जगतो, असं तो दाखवतो. मला ते लगेच पटलं, कारण कोकणात हा प्रयोग लहान प्रमाणात चालूच आहे. घाट उतरला की रत्नागिरी जिल्हा. तिथली लोकसंख्या २००१ च्या १६ लाख ९६ हजारांवरून २०११ च्या जनगणनेत १६ लाख १५ हजारांवर आली. पुढे कोणी राहणार नाही असं वाटलं की बांध कोणी घालत नाही, कौलं कोणी परतत नाही. भविष्य गेलं की वर्तमान आधी पडायला लागतं.

जे घरांचं होतं, तेच माणसांचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये सांगितलं की जगात दर ६ माणसांतला एक एकटेपणाने ग्रासलेला आहे, आणि त्यापायी वर्षाला ८ लाख ७१ हजार मृत्यू होतात. त्या सहांतला एक मी होतो. मला बाहेर काढलं ते उपदेशाने नव्हे, माझ्या हातात चाव्या देऊन कामाला जुंपणाऱ्या एका म्हातारीने.

पुराच्या त्या वर्षी गणपतीला सुरतवाले सात वर्षांनी आले. पूर आणि दरडींच्या बातम्या बघून घर उभं आहे का, ते बघायला. भिंतीवर कोळशाने काढलेलं चित्र होतं: डोंगर, टँकर आणि धूर निघणारी सात घरं. गुहागरच्या थोरल्या पोराने सकाळी तिथे जाऊन काढलेलं. मी ओशाळून म्हणालो, पुसून टाकतो. घरधनीण म्हणाली, "राहू दे भाऊजी. आमच्या घरात कोणी राहून गेलं, ह्याची खूण हाय."

२०२३ च्या गणपतीआधी कशेडीच्या बोगद्याची एक बाजू सुरू झाली. पाऊण तासाचा घाट आता दहा-पंधरा मिनिटांत संपतो. गाड्या डोंगराच्या पोटातून जातात, आमच्या वाटेवर कोणी अडकत नाही. त्या रात्रीसारखी रात्र कोणावर येऊ नये, म्हणून बोगदा झाला ते बरंच झालं. गुडघे गेल्यामुळे काकीला लेकाने पुढच्या वर्षी नालासोपाऱ्याला नेलं. निघताना तिने नाडी माझ्या हातात दिली आणि एकेक चिंधी मला म्हणून दाखवायला लावली. दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा बरोबर आलो, तेव्हा ती गाडीत बसली.

आता दर सोमवारी मी निघतो. जुडग्यात काकीच्या घराची चावी आहे, तिला तिच्याच लुगड्याची निळी चिंधी बांधलीय. गेल्या सोमवारी ओली फाटी होती, जाळ धरायला वेळ लागला. फुंकून फुंकून डोळ्यांत पाणी आलं. मग धूर उठला, वाशांत शिरला, कौलांच्या फटींतून बाहेर पडू लागला. खालच्या आळीतून कोणीतरी हाक मारून विचारलं, "कोण आलंय रं?"

"आहे मी," म्हटलं, आणि धूर आढ्याला पोचेपर्यंत उंबऱ्यात बसलो.