सापाच्या घरातली दोन तापमानं

आमच्याकडे साप आहे. घाबरू नका, बिनविषारी आहे. कॉर्न स्नेक, म्हणजे आपल्या धामणीच्या कुळातला. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपले साप घरात पाळता येत नाहीत. इथे अमेरिकेत कॉर्न स्नेक पेट शॉपमध्ये विकत मिळतो. आमचा मात्र फुकटातला. २०२२ साली लॅबमधला एक मित्र पोस्टडॉकसाठी जर्मनीला गेला आणि जाताना काचेच्या पेटीसकट ही स्वारी आमच्या ॲन आर्बरच्या अपार्टमेंटमध्ये सोडून गेला. साप नीट सांभाळला तर वीस वर्षं जगतो. माझा व्हिसा एका वेळी तीन वर्षांचा मिळतो. असो.

पेटी आली, पण ती गरम कशी ठेवायची हे मलाच बघायचं होतं. 'अठ्ठ्याऐंशी फॅरनहाइट ठेव,' मित्र म्हणाला होता. म्हणजे आपले ३१ सेल्सियस. असा आकडा मिळाला की इंजिनिअर थर्मोस्टॅट लावून मोकळा होतो. पण साप अंगची ऊब स्वतः तयार करत नाही. ती बाहेरून घेतो आणि जास्त झाली की उठून थंड जागी जातो. त्यामुळे पेटीचं एक टोक ३१च्या आसपास लागतं आणि दुसरं २४च्या. मधे उतार. कंट्रोलर खुद्द साप! पीएचडीची पाच वर्षं कंट्रोल लूप जुळवण्यात घालवलेल्या माणसाला हे बघताना थोडी असूयाच वाटते.

ऊब देण्यासाठी पेटीच्या तळाला, एकाच टोकाला, बाहेरून हीट पॅड चिकटवायचा. खरी मेख आहे ती सेन्सर कुठे ठेवायचा यात. पेटीत लाकडाचा भुसा पसरलेला असतो आणि भुसा उष्णता अडवतो. भुशावर ठेवलेला सेन्सर २७ दाखवतो, थर्मोस्टॅट पॅडला 'अजून ताप' म्हणत राहतो, आणि खाली काच चाळिशी ओलांडते. आणि साप तर भुशात शिरून नेमका त्याच काचेवर पोट टेकून बसणार! पोट भाजत असलं तरी तो चटकन बाजूला होईल याचा भरवसा नसतो. म्हणून सेन्सर थेट काचेवर चिकटवायचा.

उजेडाचं सोपं आहे. एलईडी आणि टायमर, बारा तास दिवस, बारा तास रात्र. सापाला लाल दिसत नाही असं समजून पूर्वी रात्री लाल बल्ब लावत. आता रात्री अंधारच ठेवतात. बाकी जुना पिवळा बल्ब नव्वद टक्के वीज उष्णतेत वाया घालवतो म्हणून २०२३ पासून इथे घरगुती वापरासाठी विकता येत नाही. सापवाल्यांना ते 'वाया गेलेलं'च हवं असायचं!

त्याच वर्षी २२ फेब्रुवारीला मिशिगनमध्ये बर्फाळ पाऊस पडला, तारा तुटल्या, लाखो घरं अंधारात गेली. आमचंही. आणि स्वारीने आदल्याच दिवशी उंदीर गिळलेला. पचनाला ऊब लागते. ती मिळाली नाही तर उंदीर पोटातच सडतो किंवा साप तो ओकून टाकतो, आणि ते त्याच्या जिवावर बेतू शकतं. गॅसची शेगडी काडीने पेटत होती. गरम पाण्याची रबरी पिशवी टॉवेलात गुंडाळून पेटीच्या एकाच टोकाला बाहेरून टेकवली, वरून गोधडी. दर तीन तासांनी पाणी बदलायचं, हातात टॉर्च, अंगात जॅकेट. आम्ही पंधरा अंशात कुडकुडत होतो, पेटीचं गरम टोक २७च्या खाली गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी वीज आली. उंदीर पोटातच राहिला.