हात सुटतो तेव्हा

मराठा मंदिरात ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ला येणाऱ्या माणसाला गोष्ट पाठ असते. २० ऑक्टोबर १९९५ ला, दिवाळीच्या तोंडावर हा सिनेमा प्रदर्शित झाला आणि मुंबई सेंट्रलच्या त्या थिएटरात मॅटिनीला वर्षानुवर्षं चालतच राहिला. १२ डिसेंबर २०१४ ला त्याचे १००० आठवडे भरले. पुढच्या फेब्रुवारीत तो उतरवल्याची बातमी आली, तर लोकांनी असा आग्रह धरला की तो लगेच पुन्हा लावावा लागला. करोनात सगळीच थिएटरं बंद पडली. ती उघडली, तसे सिनेमातले राज आणि सिमरनही परत आले. इतकी वर्षं लोक तिथं काय बघायला येतात? माझी नजर तरी तिथं पडद्यावरून सारखी खुर्च्यांकडे वळते.

थिएटरच्या जवळच एसटीचा डेपो आहे, रेल्वे स्टेशन आहे. गाडी रात्रीची, सामान सोबत आणि अख्खा दिवस काढायचा, अशी माणसं इथं नेहमीची. रात्रपाळी करून आलेले असतात. टॅक्सी बाजूला लावून आलेले असतात. आणि जोडपी असतात. सहा माणसांच्या खोलीत संसार मांडलेल्या नवराबायकोला शेजारी शेजारी तीन तास बसायला मुंबईत दुसरी जागा कुठं आहे? कित्येक वर्षं इथलं तिकीट १५-२० रुपयांच्या घरात होतं. एवढ्या पैशांत अंधार, पंखा आणि स्वित्झर्लंड मिळत होतं. त्या पैशांचं मोल ज्यानं त्यानं आपल्या खिशाप्रमाणे ओळखलं असेल.

सुरुवातीला नुसता दंगा असतो. शाहरुखच्या पहिल्या दर्शनाला शिट्ट्या, गाण्याला ठेका, एखादा उठून पडद्यापुढे नाचायलाही लागतो. संवाद पडद्यावर यायच्या आधी खालून येतो. युरोपात गाडी चुकते, भांडण होतं, बर्फ पडतो, आणि हे सगळं आपल्याच घरातल्या कुणाचं तरी चाललंय अशा थाटात लोक बघत असतात. मग सगळे पंजाबात येतात. तिथं एका रात्री सिमरनची आई तिच्याजवळ येऊन बसते.

हा प्रसंग गाण्यांच्या गर्दीत लोकांच्या लक्षात राहत नाही असं म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. फरीदा जलाल बोलू लागतात. लहानपणी हिला सांगितलं होतं की मुलगा-मुलगी सारखेच, आणि मोठं होता होता कळत गेलं की तसं काही नसतं. भावांच्या शिक्षणासाठी हिचं शिक्षण थांबलं. मुलगी म्हणून सोडलं, बहीण म्हणून सोडलं, बायको म्हणून सोडलं. तू जन्मलीस तेव्हा ठरवलं होतं की तुझ्यावर ही पाळी येऊ द्यायची नाही. आणि आज तीच आई हात जोडून मागतेय की तूही सोड. माझ्या शेजारी पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या, पलीकडे त्यांची मुलगी किंवा सून. मांडीवर वेफर्सचं पाकीट होतं आणि गाण्यांच्या वेळी ते सारखं कुरकुरत होतं. या प्रसंगात त्यांचा हात पाकिटातच राहिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला पदराकडेही हात गेला नाही. पलीकडच्या मुलीनं एकदा वळून पाहिलं आणि ती पुन्हा पडद्याकडे बघू लागली. पुढं कितीतरी वेळ दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. त्या बाईंनी काय काय सोडलं असेल, मला ठाऊक नाही. पण त्या राज-सिमरनसाठी रडत नव्हत्या, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन.

पुढं हीच आई दागिन्यांचं गाठोडं आणून राजला म्हणते, हिला घेऊन जा. आणि राज नाही म्हणतो. पळून जायचं नाही, वडिलांनी स्वतः हात हातात दिला तरच न्यायची. या नकारावर पुष्कळ टीका झाली आहे. मुलीच्या आयुष्याची किल्ली अखेर बापाच्याच कनवटीला राहिली, ही तक्रार मला खरी वाटते. सिमरनला काय हवंय हे तिला स्वतःला आणि तिच्या आईला पक्कं ठाऊक असताना अख्ख्या सिनेमानं एका माणसाच्या मान हलवण्याची वाट बघावी, हे खुपतंच. पण खुर्च्यांवरची माणसं ज्या घरांतून आलेली असतात, तिथंही त्याच एका माणसाची मान हलायची वाट बघत असतात. त्यांचं रडणं भाबडं म्हणून उडवून लावणाऱ्यांना ती घरं दिसत नाहीत.

शेवटचं स्टेशन पडद्यावर पंजाबातलं आहे. प्रत्यक्षात ते आपलं रायगड जिल्ह्यातलं आपटा, पनवेल-रोहा मार्गावरचं लहानसं स्थानक. तिथं गाडी सुटते, रक्तबंबाळ राज दारात उभा असतो आणि अमरीश पुरींच्या मुठीत मुलीचं मनगट असतं. ती गयावया करते, हात सोडवू बघते. सगळ्यांना माहीत असतं की मूठ सुटणार आहे. तरी थिएटरात श्वास रोखला जातो, कुणीतरी ओरडून बापाला विनवतं, कुणी खुर्चीतून अर्धवट उठतं. मूठ सुटते आणि मग जो गजर होतो तो भेटीच्या मिठीलाही होत नाही. बापाच्या उघडलेल्या बोटांना टाळ्या पडतात. माझ्या मते या सिनेमाचं अख्खं आयुष्य त्या बोटांवर उभं आहे.

मराठा मंदिराच्या याच पडद्यावर ५ ऑगस्ट १९६० ला ‘मुघल-ए-आझम’ झळकला होता. तिथंही प्रेमाच्या आड बापच. पृथ्वीराज कपूरांचा अकबर अनारकलीला भिंतीत चिणायचं फर्मान काढतो आणि शेवटी तिला गुपचूप भुयारातून निघून जायला वाट देतो, पण मुलाला ते कळू देत नाही. जीव वाचवला, प्रेम नाही वाचवलं. त्यानंतर ३५ वर्षांनी त्याच थिएटरात एका बापानं भर स्टेशनावर, सगळ्यांच्या देखत हात सोडला. दोन्ही वेळा लोक रडले. पण १९९५ साली त्यांना रडता रडता टाळी वाजवायला मिळाली, आणि ती टाळी ते पुन्हा पुन्हा वाजवायला आले.

मग २९ एप्रिल २०१६ ला ‘सैराट’ आला. अजय-अतुलच्या गाण्यांवर गावोगावच्या थिएटरांत पोरं पडद्यापुढे नाचली, शिट्ट्या कमी पडल्या. आर्ची आणि परश्या कुणाच्या होकाराची वाट बघत थांबले नाहीत. हैदराबादला गेले, उपाशी राहिले, भांडले, सावरले, घर केलं, मूल झालं. प्रेम टिकणं म्हणजे काय ते नागराज मंजुळेंनी त्या उत्तरार्धात जितकं सविस्तर दाखवलं, तितकं राज-सिमरनच्या गोष्टीत कुठंच नाही. लग्नानंतर त्या दोघांचं काय झालं ते आपण बघितलेलंच नाही. आणि मग आर्चीच्या माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन दारात आली. शेवटच्या दृश्याला आवाज नाही. ते लहानगं आईबापाच्या रक्ताची पावलं उमटवत बाहेर येतं आणि पडदा काळा होतो. तासाभरापूर्वी नाचणारी पोरं एकमेकांकडे न बघता बाहेर पडली. पार्किंगमध्ये गाड्या सुरू व्हायलाही वेळ लागत होता.

मराठा मंदिरातली टाळी आणि ‘सैराट’नंतरची ती चुप्पी एकाच माणसांची आहे. आपट्याच्या फलाटावर मूठ उघडावी म्हणून जे ओरडतात, त्यांच्यातच घरी मूठ आवळून बसलेले बाप आहेत, भाऊ आहेत, आणि त्यांचं थिएटरातलं रडणं ढोंग नसतं. अंधारात, आडनाव कुणाला माहीत नसताना, त्यांना मनापासून वाटत असतं की पोरीला जाऊ द्यावं. दिवे लागले की भावकी आठवते, चार लोक आठवतात.

म्हणून बापांनो, भावांनो, एवढंच मागणं आहे. उद्या तुमच्या घरात पोर एखादं नाव घेऊन समोर आली, तर त्या नावापुढचं आडनाव विचारण्याआधी तिला जवळ बसवा, पाणी द्या आणि तिचं सगळं ऐकून घ्या.